गाय पण शाकाहारी आणि आजी पण शाकाहारी, एकच शब्द कसा काय?

जुळेसोलापूरकर:
मुलगी चौथीत आहे, परवा अभ्यासात शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी प्राणी असं आलं. तर ती विचारते, आजी पण शाकाहारी मग तिला गवत पचंल का, आणि गाईनं पण आजीसारखी माळ घातलीय का. मला काही नीट सांगता येईना. गाईला आणि माणसाला वेगळा शब्द नाही का ओ?

माळरान_भटक्या:
लेकीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. आहे की शब्द, तृणभक्षी, मांसभक्षी, कीटकभक्षी. मी प्राण्यांना 'भक्षी' लावतो आणि 'आहारी' माणसांना ठेवतो, कारण गाईनं काही ठरवलेलं नसतं, तिचं चार कप्प्यांचं पोटच चाऱ्यासाठी आहे. आजींचं शरीर मिश्राहारीच, त्यांनी नको म्हणून सोडलंय, ती श्रद्धा झाली. पण एका शब्दात प्राणी पण पूर्ण बसत नाहीत बरं का, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी घ्या, टोळ, नाकतोडे, सरडे खातो आणि बोरं, धान्य पण. खोकड, म्हणजे कोल्ह्यासारखा लहान प्राणी, तर शास्त्रात मांसभक्षी गणात आहे, पण बोरं पिकली की बोरीखाली हजर. म्हणजे गणाचं नाव वेगळं, रोजचं खाणं वेगळं.

कडकभाकरी:
आमच्या घरात तर शाकाहारी हा शब्दच कोण बोलत नाही, तो हॉटेलच्या पाटीवर नाहीतर लग्नाच्या बायोडाटात. आम्ही नुसतं "आमच्यात खात नाहीत" म्हणतो, काय खात नाहीत ते सांगावं लागत नाही, ज्वारीची भाकरी अन् शेंगाचटणी समोरच चालू असते तरी पण. आजी मटणाला वशाट म्हणायची. आणि सोमवार पाळणारे, श्रावण पाळणारे, माळकरी, ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत, एका शाकाहारीत कोंबली की त्यांचं नेमकं काय ते हरवतं असं मला मनापासून वाटतं.

जुळेसोलापूरकर:
लई आभार दोघांचे. आता तिचा पुढचा प्रश्न, आजी दूध कशी पिते मग?

माळरान_भटक्या:
आपल्याकडं दूध शाकाहारातच धरतात, अंडं नाही, इंग्लंडात अंडं पण चालतं. तिथल्या दूध-अंडी सोडलेल्या शाकाहाऱ्यांना पण हीच अडचण आली म्हणून त्यांनी १९४४ मध्ये व्हीगन हा नवा शब्द काढला. तिला सांगा, मोठ्यांना पण शब्द कमी पडलेत.