म्युझिक व्हिडिओचा रफ कट लोकांना दाखवून बदलायचा की आपल्याला हवा तसाच ठेवायचा?

फ्रेमवेडी
आमच्या ग्रुपने कॉलेज प्रोजेक्टसाठी एका गाण्यावर म्युझिक व्हिडिओ केलाय, साडेतीन मिनिटांचा, एडिट माझ्याकडे आहे. गोष्ट साधी आहे, आजी गेल्यावर नात तिची खोली आवरतेय. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, वर्गाबाहेरच्या सात-आठ जणांना दाखवला तर जवळजवळ सगळ्यांना वाटलं की मुलगी घर सोडून पळून चाललीये, एकीने तर विचारलं की नवऱ्याशी भांडण झालंय का. आजीचा संदर्भ आहे तो फक्त खिडकीतल्या चष्म्याच्या शॉटमध्ये आणि तो येतो २:४० ला, तोवर लोकांनी आपापली गोष्ट ठरवून टाकलेली असते. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. डिरेक्टर म्हणतो ज्याला जो अर्थ लावायचा तो लावू दे, माझं म्हणणं लोकांचं ऐकायलाच हवं. म्हणजे त्यांनी सुचवलेले उपाय घ्यायचे असं नाही हां (सुरुवातीला 'आजीच्या आठवणीत' अशी पाटी टाका म्हणाले, ती मी मेले तरी टाकणार नाही), पण सगळे एकाच जागी चुकत असतील तर त्या जागी काहीतरी बिघडलंय हे नक्की. मी तो शॉट पहिल्या कडव्यात आणायचा विचार करतेय. तुम्हाला काय वाटतं?

खरडवही
साफ विरोध. स्टुडंट प्रोजेक्ट ही एकच वेळ असते जेव्हा डोक्यावर क्लायंट बसलेला नसतो, पुढे आयुष्यभर आहेच की 'लोगो मोठा करा'. ती मोकळीक तुम्ही आपणहून सात-आठ जणांच्या हातात देताय. ब्लेड रनर या पिक्चरचं काय झालं आठवा, १९८२ साली रिलीजआधीच्या टेस्ट स्क्रीनिंगला लोकांना कळलं नाही म्हणून स्टुडिओने वरून निवेदन घातलं, गोड शेवट चिकटवला, आणि १९९२ च्या डिरेक्टर्स कटमध्ये दोन्ही काढून टाकले, आज लोक नावाजतात तो बिननिवेदनाचा. आणि मीडियाच्या अभ्यासात स्टुअर्ट हॉल हा विचारवंत असेलच तुम्हाला, त्याने १९७३ मध्येच मांडलंय की प्रेक्षक एकच गोष्ट वेगवेगळी वाचतो, कधी करणाऱ्याच्या मनातली, कधी अर्धी मान्य करून, कधी पार उलटी. पळून जाणारी मुलगी दिसली तर दिसू दे. म्युझिक व्हिडिओ काही कोर्टातली साक्ष नाही.

ठेकाधरून
खरडवही दादा, अर्थाचं तुम्ही दोघं बघा, पण ज्या गोष्टीत अर्थबिर्थ काही नसतो तिथे प्रेक्षकच लागतो. लिप सिंक घ्या, म्हणजे ओठ आणि आवाज जुळणं. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची बीटी.१३५९ म्हणून १९९८ ची शिफारस आहे, त्यात दिलंय की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला ते जाणवायला लागतं. २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम्स) एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे आवाज जेमतेम एक फ्रेम पुढे गेला की खटकायची वेळ आलीच. प्रेक्षक काय 'सिंक हललाय' म्हणत नाही, तो म्हणतो 'ती मनापासून गात नाहीये', आणि आपण बिचाऱ्या ॲक्टरला दोष देत बसतो. मोबाईलवर शूट केलं असेल तर हे हमखास होतं, बरेच फोन फ्रेम रेट पुढेमागे करत रेकॉर्ड करतात, सुरुवातीला ओठ बरोबर आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सरकलेले. एडिट करणाऱ्याने ते गाणं इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याच्या डोळ्याला सवय होऊन जाते, त्यामुळे आधी फुटेज ठराविक फ्रेम रेटला कन्व्हर्ट करा आणि मगच एडिटिंगच्या टाइमलाइनवर घ्या.

तसंच 'स्लो वाटतंय' या कमेंटचं. गाणं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) असेल तर एका ठोक्याला २५ एफपीएसला साडेबारा फ्रेम्स येतात, अर्धी फ्रेम तर कापता येत नाही, मग एक शॉट १२ चा आणि पुढचा १३ चा करावा लागतो. सगळेच १३ चे ठेवत गेलं की कट हळूहळू ठेक्याच्या मागे राहतो आणि बघणारा म्हणतो स्लो आहे. खरं तर स्लो नसतोच, उशिरा पडत असतो.

खरडवही
पटलं, पण मग हे आवाजातल्या जाणकाराला दाखवा ना, त्यासाठी पब्लिक कशाला? आणि ओळखीची माणसं खरं बोलतच नाहीत. 'भारी झालंय यार' याच्यापुढे कोणी जात नाही.

मागचाबाक
कारण विचारतानाच घोळ होतो. बहुतेक ग्रुप फॉर्म फिरवतात, १ ते ५ मध्ये रेटिंग द्या. सरासरी ४.२ आली. बरं, मग आता कुठला शॉट कापू? त्या आकड्यात कामाचं काहीच नसतं, तरी रिपोर्टमध्ये त्याचेच रंगीत पाय चार्ट लावतात, मला याचा मनापासून राग येतो.

त्यापेक्षा एकेकाला बसवा, गाणं आधी न ऐकलेलं असेल तर उत्तम, विषय सांगू नका, आपण बाजूला बसा आणि स्क्रीनकडे न बघता त्या माणसाकडे बघा. फोनकडे हात कधी गेला, कपाळाला आठी कधी पडली, पाय ताल धरायचा कधी थांबला, ती वेळ लिहून घ्या. संपल्यावर 'आवडलं का' विचारायचं नाही, 'काय काय झालं ते सांग' एवढंच. माणूस मत देताना तुमचं मन राखेल, पण गोष्ट सांगताना त्याला तसं काही करताच येत नाही, जे दिसलं तेच सांगणार. आणि शेकडो माणसं लागत नाहीत, वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातला तज्ज्ञ जेकब नील्सनने २००० मध्ये वेबसाइटच्या चाचणीबद्दल लिहिलं होतं की पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, व्हिडिओ वेगळा प्रकार आहे हे मान्य, पण चार-पाच जण एकाच सेकंदाला अडकले तर अजून कशाची वाट बघायची?

खरडवहीने ब्लेड रनर काढला म्हणून सांगतो, १९८७ चा फेटल ॲट्रॅक्शनही आहे, टेस्ट स्क्रीनिंगनंतर शेवट नव्याने शूट केला आणि पिक्चर तुफान चालला. म्हणजे एका उदाहरणावर निकाल लावू नका.

खरडवही
तुफान चालला म्हणजे बरोबर झालं असं मी तरी म्हणणार नाही, पण ते राहू दे. माझा मुद्दा या व्हिडिओचा आहे. चष्मा २:४० ला दिसणं हाच तर याचा जीव आहे! तोवर वाटतं मुलगी निघून चाललीये, आणि चष्मा दिसला की मागचं सगळं फिरतं, ती बॅग, त्या घड्या घातलेल्या साड्या, सगळं. पहिल्या कडव्यात आणलास तर पहिल्याच मिनिटाला कळेल की कोणीतरी गेलंय आणि उरलेली अडीच मिनिटं नुसतं दुःख बघत बसायचं. गाणं लोक पुन्हा पुन्हा लावतात, दुसऱ्या वेळी उलगडेल असं काहीतरी त्यात हवंच. प्रेक्षकांचं ऐकून तू नेमकं तेच काढतेयस.

फ्रेमवेडी
हे मात्र खरंच बोललास. पण एक सांगू, त्यांच्यासाठी काही फिरलंच नाही. गोष्ट सांगताना चष्म्याचा उल्लेख कोणीच केला नाही. आत्ता टाइमलाइन उघडून बघितली, तो शॉट २० फ्रेम्सचा आहे, म्हणजे एक सेकंदही नाही, आणि तिथे धृवपद जोरात चालू असल्याने आजूबाजूला सगळे फास्ट कट. डोळा तिथे पोचतच नाही.

ठेकाधरून
मग पहिल्या कडव्यात आणूच नका. धृवपदानंतर गाणारी थांबते आणि नुसती गिटार वाजते असा तुकडा आहे का? शॉट तिथे सरकवा आणि तीन सेकंद धरून ठेवा, वर कट नको, झूम नको.

फ्रेमवेडी
आहे, २:५२ पासून चार बार (तालाची चार आवर्तनं). मुलीचा हात चष्म्याकडे जातो तो लांब टेकही आहे, गती तुटेल म्हणून कापला होता. तो पूर्ण टाकते.

खरडवही
आता हे जमेल. पाटी नको, जागा उशिराचीच. फक्त आधीच्याच लोकांना परत दाखवू नकोस, त्यांना आता माहितीये काय शोधायचं ते.

मागचाबाक
आणि रिपोर्टमध्ये पाटीची सूचना का नाकारली तेही कारणासकट लिहा. लोक काय म्हणाले आणि आम्ही काय बदललं एवढंच सगळे लिहितात, काय ऐकलं नाही ते कोणी लिहीतच नाही, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न तोच येतो.

फ्रेमवेडी
नवीन कट शुक्रवारी दाखवतेय, सगळ्या नव्या लोकांना. डिरेक्टरला मुद्दाम बाजूच्या खुर्चीत बसवणार आहे, त्याने स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडे बघायचं.