पणजीचे अग्निशामक दल महानगरपालिकेकडे असावे का?

पणजीकर: दरवर्षी 14 एप्रिलला आपल्याकडेही अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटकांचा भडका उडाला आणि आग विझवताना मुंबई अग्निशामक दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. ते दल पालिकेचे होते आणि आजही आहे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा शहरांच्या कामांमध्ये नोंदवली, तरी गोव्यात ती राज्याच्या संचालनालयाकडेच राहिली आहे. फोंताइन्हाससारख्या अरुंद गल्ल्यांत कोणत्या कोपऱ्यावर बंब अडेल हे ज्या संस्थेला रोज पाहावे लागते, तिच्याकडेच दल असावे, असे माझे ठाम मत आहे.

म्हापशाचा रहिवासी: मला हे अजिबात पटत नाही. अनुसूचीतील कामे पालिकांना सोपवायची की नाही, हे घटनेने राज्य विधिमंडळावर सोडले आहे. गोव्यात 13 नगरपालिका आणि एकच महानगरपालिका आहे. प्रत्येकीने उंच शिडीची गाडी, प्रशिक्षित जवान आणि रात्रपाळी कोणत्या पैशांतून सांभाळायची? केरळातही हे दल राज्याचेच आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पडलेली झाडे हटवायला आणि विहिरीत पडलेली गुरे काढायला हेच जवान धावतात, आणि ही कामे पालिकेची हद्द पाहून येत नाहीत. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यातील वणवे विझवायला हेलिकॉप्टर मागवावी लागली. तिथे एकट्या पालिकेचे दल काय करणार होते?

पणजीकर: वणव्यांबाबतचे आपले म्हणणे मान्य आहे. पण बांधकामाचा परवाना एकाने द्यायचा आणि अग्निसुरक्षेचा दाखला दुसऱ्याने, या रचनेत दुर्घटनेनंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील क्लबच्या आगीत 25 जणांचा जीव गेला, तेव्हाही परवान्यांचाच प्रश्न पुढे आला.

म्हापशाचा रहिवासी: हडफडे ही पंचायत आहे, त्यामुळे आपल्या सूचनेने तिथे काहीच बदलले नसते. दल राज्याचेच राहू द्यावे. मात्र त्याच्या दाखल्याशिवाय आणि बंब पोहोचेल असा रस्ता असल्याची जागेवर खात्री केल्याशिवाय पंचायतीने किंवा पालिकेने व्यवसायाचा परवाना देऊ नये, आणि दिल्यास सही करणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरावे.