छोट्या व्यवसायासाठी स्वतंत्र हिशेबनीस नेमताना काय तपासावे?

सुटाभाग (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझा सायकलदुरुस्तीचा आणि सुट्या भागांच्या विक्रीचा छोटा व्यवसाय आहे. मी आणि दोन पगारी कारागीर एवढाच आमचा पसारा. पहिली तीन वर्षे जमाखर्च मी स्वतःच स्प्रेडशीटमध्ये लिहीत आलो. विक्रीची बिले एका खोक्यात, पुरवठादारांच्या पावत्या दुसऱ्या खोक्यात आणि उरलेले सगळे डोक्यात, अशी माझी पद्धत होती. गेल्या वर्षी विवरणपत्र भरण्याची मुदत जवळ आली तेव्हा आठवडाभर दुरुस्तीची कामे बाजूला ठेवून कागद जुळवत बसलो. तरीही स्प्रेडशीटमधील विक्रीपेक्षा बँकेत जमा झालेली रक्कम कमी का, याचे उत्तर मला सापडले नाही आणि आजही देता येणार नाही.

मोठ्या फर्मकडे जावे इतका व्यवहार नाही आणि पूर्णवेळ माणूस ठेवणे झेपणारे नाही, म्हणून स्वतंत्रपणे काम करणारा हिशेबनीस नेमावा असे ठरवले आहे. रोजचे हिशेब लिहिणारा आणि कराचे काम पाहणारा एकच असावा की वेगळे, त्याची पात्रता कशी तपासावी आणि त्याच्या हाती काय काय सोपवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एका गृहस्थांशी बोलणे झाले आहे. त्यांचे म्हणणे असे की बँकेचा पासवर्ड त्यांच्याकडे द्यावा, म्हणजे मला कशातच लक्ष घालावे लागणार नाही. मानधन म्हणून, जितका कर वाचेल त्यातील ठरावीक हिस्सा ते घेतील. ऐकायला सोयीचे वाटले, पण मन मात्र कचरले. माझी शंका अनाठायी आहे का?

खतावणी

आपली शंका अजिबात अनाठायी नाही. मी बरीच वर्षे छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. वाचलेल्या करात हिस्सा मागणाऱ्याचे हित कर योग्य भरण्यात नसते, तर कमी दाखवण्यात असते. आणि उद्या करखात्याने खुलासा मागितला तर विवरणपत्रावर नाव आणि सही आपली असते, त्याची नव्हे. दंड आणि व्याज आपल्याला भरावे लागते, हिस्सा मात्र तो आधीच घेऊन गेलेला असतो. त्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा.

आता मूळ मुद्दा. ‘हिशेबाचे काम’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. व्यवहारांची नोंद करणे आणि दरमहा बँकेशी जुळवणी करणे, हे पहिले. त्याला शिस्त आणि चिकाटी लागते, मोठी पदवी लागतेच असे नाही. वर्षअखेरीस घसारा (यंत्रे-अवजारांच्या किमतीत वापराने होणारी घट), येणी-देणी, शिल्लक माल यांच्या नोंदी करून नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार करणे आणि विवरणपत्र भरणे, हे दुसरे. इथे कायद्याचे ज्ञान हवे. यंत्र यंदा घ्यावे की पुढच्या वर्षी, व्यवसाय एकट्याच्या नावावर ठेवावा की कंपनी करावी, असा सल्ला देणे हे तिसरे. तिन्ही कामे एकाच व्यक्तीने केली तरी हरकत नाही, पण करारपत्रात ती वेगवेगळी लिहिलेली असावीत. बहुतेक भांडणे ‘हे कामात धरलेलेच होते’ आणि ‘हे कधी ठरलेच नव्हते’ या दोन वाक्यांवरूनच होतात. आपल्यासारख्या व्यवसायाला पहिल्या कामासाठी एक साधा, नीटनेटका माणूस आणि दुसऱ्या व तिसऱ्या कामासाठी वर्षातून काही वेळा एक पात्र लेखापाल, ही विभागणी पुष्कळदा स्वस्तही पडते आणि सुरक्षितही, कारण एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या नजरेखालून जाते.

पात्रतेबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘अकौंटंट’ ही पाटी लावायला अनेक देशांत कोणाचीही परवानगी लागत नाही. संरक्षण असते ते ‘सनदी’ किंवा ‘प्रमाणित’ यांसारख्या विशेषणांना. असे विशेषण कोणी लावत असेल तर ते देणाऱ्या संस्थेच्या सभासदयादीत त्याचे नाव स्वतः शोधावे. अशा बहुतेक संस्था ही यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवतात. भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा ती यादी अधिक विश्वासार्ह, कारण सभासदत्व रद्द झाले तरी प्रमाणपत्र भिंतीवरच राहते. संस्थेचा सभासद असण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे, काही बिनसले तर तक्रार करायला एक दार असते. तसेच आपल्या हातून चूक झाल्यास ग्राहकाचे नुकसान भरून देणारा व्यावसायिक विमा त्यांनी उतरवला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

जाता जाता, आपल्या न जुळणाऱ्या विक्रीबद्दल. ग्राहक कार्डाने किंवा ऑनलाइन पैसे देत असतील तर पेमेंट गेटवे आपले शुल्क कापून उरलेली रक्कम बँकेत जमा करतो. हजाराच्या विक्रीवर 970 जमा झाले तर विक्री हजारच लिहायची आणि 30 खर्चात दाखवायचे. स्प्रेडशीटमध्ये बिलाची पूर्ण रक्कम असेल आणि शुल्काचा रकानाच नसेल, तर फरक येणारच. तेवढे आधी तपासून पाहावे.

ताकफुंक्या

पात्रतेचे सर्व ‘खतावणी’ यांनी सांगितलेच आहे. मी फक्त किल्ल्यांबद्दल लिहितो, कारण दुधाने तोंड पोळून घेतलेल्यांपैकी मी एक आहे.

माझा पूर्वीचा हिशेबनीस कामाला वाकबगार होता आणि मुदत कधी चुकवत नसे. म्हणून करखात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना त्याने स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिला, तेव्हा मला ती सोयच वाटली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही त्याच्याच नावावर होता. चार वर्षांनी मानधनावरून आमचे फिसकटले आणि मग माझ्या लक्षात आले की माझ्याच धंद्याच्या घराला कुलूप माझे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. पासवर्ड बदलायचा तर संदेश त्याच्या फोनवर जाणार. जुन्या नोंदी मागाव्यात तर ‘आधी बाकी चुकती करा’ हे उत्तर. करखात्याने पाठवलेल्या दोन नोटिसाही त्याच्या ईमेलवर पडून होत्या, ज्यांचा मला पत्ता नव्हता. पुढे सगळे सुटले, पण त्यात माझे जवळजवळ अर्धे वर्ष गेले.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. नोंदणी, ईमेल, फोन क्रमांक आणि सॉफ्टवेअरचे खाते व्यवसायाच्या नावावर असते. हिशेबनीसाला त्याचे स्वतःचे वेगळे लॉगिन मिळते, जे मी एका क्षणात बंद करू शकतो. बँकेचा पासवर्ड मी कोणालाही देत नाही म्हणजे नाही. बहुतेक बँकांत फक्त व्यवहार पाहता येतील असा मर्यादित अधिकार देता येतो, आणि तीही सोय नसेल तर दरमहा बँकेचे विवरण उतरवून घेऊन पाठवावे. जुळवणीला त्याहून अधिक काही लागत नाही. कराची रक्कम मी माझ्या खात्यातून थेट करखात्याकडे भरतो. ‘माझ्याकडे द्या, मी भरतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती ती कधीच देत नाही, मग तो कितीही सज्जन असो. कोऱ्या विवरणपत्रावर सही करणे तर दूरच, भरलेले विवरणपत्रही मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. एखादा आकडा दुप्पट किंवा निम्मा झालेला दिसला तर त्याचे कारण विचारतो, आणि चांगला हिशेबनीस या प्रश्नाने दुखावत नाही.

रोजमेळ

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही ‘खतावणी’ यांच्या एका मताला थोडी मुरड घालावीशी वाटते. काम दोघांत विभागले की सुरक्षितता वाढते हे खरे, पण इतक्या छोट्या व्यवसायात दोघांच्या मधल्या फटीत गोष्टी हरवतातही. नोंद करणारा म्हणतो, ते वर्षअखेरीस पाहतील. लेखापाल म्हणतो, माझ्याकडे आले तेच मी पाहिले. मी पहिल्या वर्षी तरी एकच व्यक्ती नेमावी आणि दुसरी नजर म्हणून स्वतः मालकाने दरमहा अर्धा तास द्यावा, या मताचा आहे.

निवड कशी करावी? गोड बोलण्यावर किंवा ओळखीवर विसंबू नये. पसंत पडलेल्या व्यक्तीला गेल्या वर्षातील कोणत्याही एका महिन्याची कागदपत्रे द्यावीत, त्या कामाचे पैसे द्यावेत आणि परत काय येते ते पाहावे. काम नुसते नीटनेटके असणे पुरेसे नाही. त्या व्यक्तीने आपल्याला किती आणि कोणते प्रश्न विचारले, याकडे माझे लक्ष असते. एकही प्रश्न न विचारता महिना ‘जुळवून’ देणाऱ्याने कुठेतरी अंदाजाने नोंदी ठोकल्या आहेत असे खुशाल समजावे. ‘अनामत’ किंवा ‘संकीर्ण’ या खात्यांत, म्हणजे ज्या रकमांचा उलगडा झाला नाही त्या टाकण्याच्या जागी, किती रक्कम ढकलली आहे, हेही पाहावे.

भेटीत तीन साधे प्रश्न अवश्य विचारावेत. कर्जाचा हप्ता खर्चात कसा लिहाल? यावर उत्तर ‘पूर्ण हप्ता खर्च’ असे आले तर उठावे, कारण खर्च फक्त व्याजाचा असतो, मुद्दलाची फेड म्हणजे देणे कमी होणे. मी घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे कुठे जातील? ती मालकाची उचल असते, व्यवसायाचा खर्च नसतो, आणि ही गल्लत एकट्याच्या व्यवसायात जितकी होते तितकी कुठेच होत नाही. विक्रीवर ग्राहकाकडून घेतलेला कर हे माझे उत्पन्न आहे का? नाही, ते सरकारचे पैसे आपल्याजवळ काही काळ ठेव म्हणून असतात. मात्र ते बँकेत आपल्याच पैशांत मिसळून राहतात, म्हणून खर्च होऊन जातात आणि भरण्याच्या तारखेला धावाधाव होते. त्यांच्यासाठी वेगळे खाते ठेवण्याचा सल्ला जो आपणहून देईल, तो माणूस मला आवडेल.

मानधनाबाबत दोन शब्द. तासावर ठरवले की आपण फोन करायलाही कचरतो आणि जो प्रश्न आज विचारायचा तो वर्षअखेरीस चूक होऊन समोर येतो. महिन्याला ठरावीक रक्कम बरी, फक्त तीत साधारण किती नोंदी धरल्या आहेत ते लिहून घ्यावे. आणखी एक गोष्ट, जी स्वतंत्र व्यक्तीच्या बाबतीतच विचारावी लागते: ऐन मुदतीच्या आठवड्यात ती आजारी पडली तर काम कोण पाहणार?

सुटाभाग

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. त्या गृहस्थांना नकार कळवला.

‘खतावणी’ यांच्या सांगण्यावरून काल रात्री गेटवेची वर्षभराची विवरणे काढली आणि शुल्काची बेरीज केली. जवळजवळ सगळा फरक तिथेच होता. तरी 270 अजून शिल्लक राहतात. स्प्रेडशीटमध्ये तेवढे जास्त आहेत. रक्कम किरकोळ आहे, पण आता इतके जुळल्यावर ती टोचते. सोडून द्यावी का?

खतावणी

सोडू नये, कारण ती बहुधा पाच मिनिटांत सापडेल. 270 ला 9 ने निःशेष भाग जातो. फरकाला 9 ने भाग जात असेल तर पहिला संशय शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा घ्यायचा, ही हिशेबनिसांची जुनी युक्ती आहे. भागाकार 30 येतो, म्हणजे शतक आणि दशकाच्या जागी असलेले अंक उलटले असावेत आणि त्या दोन अंकांत 3 चा फरक असावा. मात्र ही खूण आहे, पुरावा नव्हे. एखादे शून्य जास्त पडले तरी फरकाला 9 ने भाग जातोच, उदाहरणार्थ 30 च्या जागी 300 लिहिले की हेच 270 मिळतात. या दोन प्रकारच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये शोधून मूळ बिलांशी ताडून पाहाव्यात.

आणि ‘रोजमेळ’ यांची मुरड मला मान्य आहे, मालक खरोखरच दरमहा अर्धा तास देणार असेल तर. माझ्या अनुभवात तिसऱ्या महिन्यापासून तो देत नाही.

सुटाभाग

सापडले. एका ग्राहकाच्या चाकांच्या जोडीचे बिल 1,580 चे होते आणि मी 1,850 लिहिले होते.

दोघा उमेदवारांना मागच्या वर्षीचा हाच महिना, चुकीसकट, नमुना काम म्हणून देत आहे. गेटवेची विवरणे आणि बिलांचे खोकेही सोबत देईन, पण चूक कुठे आहे ते सांगणार नाही. नोंदणीवरचा ईमेल आणि फोन क्रमांक आज सकाळीच तपासले. दोन्ही माझेच आहेत.

ताकफुंक्या

उत्तम. नमुना काम परत आल्यावर त्यांना दिलेले लॉगिन बंद करायला विसरू नका. निवड ज्याची होईल त्याला करारपत्रावर सही झाल्यानंतर नवे द्यावे. काम सोडताना सर्व नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळतील, हे कलम त्या पत्रात आधीच घालून घ्या. भांडण झाल्यावर ते घालता येत नाही.