परदेशी क्लायंटचे बँकेतले पैसे थेट क्रिप्टो वॉलेटमध्ये घ्यावेत का?

वडगावकर: नमस्कार मंडळी. मी घरी बसून वेबसाइट डिझाइन करतो. क्लायंट जर्मनीचा, दर महिन्याला युरोत पैसे देतो, तेही बँकेतूनच. क्रिप्टोचं नाव काढलं की त्यांचा अकाउंटवाला बिचकतो. आता एक सेवा सापडलीय. ते माझ्या नावाने युरोपातला आयबॅन नंबर, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, देतात, त्यात युरो पडले की त्यांचं यूएसडीसी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं) होऊन माझ्या वॉलेटमध्ये येतात. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गाने, पैसे आले की मधल्या बँका कमिशन कापतात, ते वाचेल. कुणी वापरलंय? वॉलेट कुठलं घेऊ?

उद्यमबाग_रात्रपाळी: चालतं की. क्लायंटच्या बाजूने ती साधी सेपा ट्रान्सफर असते, युरोपातल्या बँकांमधली नेहमीची, त्याला क्रिप्टोचा पत्ताही लागत नाही. पण दोन गोष्टी. वॉलेट परत उघडायला लागणारे १२ गुप्त शब्द कागदावर लिहून ठेव, मोबाइलमध्ये फोटो काढून नको. आणि नेटवर्क, म्हणजे नाणी कुठल्या ब्लॉकचेनवरून येणार ते, बघून घे. ते पॉलिगॉनवर पाठवणार आणि तू पत्ता ट्रॉनचा दिलास तर गोंधळ. पहिल्यांदा थोडेच मागव.

टिळकवाडी_सीए: वॉलेटचं नंतर बघा. सेवा निर्यातीचे पैसे फेमाप्रमाणे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, अधिकृत बँकेतून यायला हवेत. बँक त्याचा दाखला देते. यूएसडीसी आपल्या कायद्यात परकीय चलन नाही, त्यामुळे वॉलेटवर आलेल्या रकमेला तो दाखला मिळत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटीवर (निर्यातदाराचं हमीपत्र) शून्य कर लावताना हाच कागद मागतात. शिवाय काम केल्याचं उत्पन्न म्हणून कर आहेच. वर ते विकताना नफा झाला तर त्यावर वेगळा ३० टक्के आणि विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. वाचलेलं स्विफ्टचं कमिशन यात कुठल्या कुठे जाईल.

निपाणीकर: खरी मजा तर रुपये करताना आहे. माझ्या मावसभावाने अ‍ॅपवर अनोळखी माणसाला नाणी विकली, पैसे खात्यात आले, खूश. पुढच्या आठवड्यात एटीएमला कार्ड घातलं तर पैसे निघेनात. शाखेत गेला तर मॅडमनी एक प्रिंट हातात दिली, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची. विकत घेणाऱ्याने कुणाला तरी फसवून आणलेला पैसा याच्या खात्यात टाकलेला. उसाचं बिलही त्याच खात्यात जमा झालेलं, तेही अडकलं. चिकोडीत बसून परराज्यातल्या ठाण्याला फोन करत बसला बिचारा. कशाला डोक्याला ताप करून घेऊलालास?

खानापूरची: आरबीआयचा डिजिटल रुपया म्हणजे हेच का?

टिळकवाडी_सीए: नाही ताई. तो आरबीआयनेच काढलेला रुपया, सामान्यांसाठी प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. यूएसडीसी अमेरिकेतली खासगी कंपनी काढते, डॉलरला बांधलेलं. मार्च २०२३ मध्ये तिथली एक बँक बुडाली तेव्हा ते काही काळ ९० सेंटच्याही खाली गेलं होतं.

वडगावकर: मग आयबॅनची सोय हवी, क्रिप्टो नको, असं काही आहे का?

उद्यमबाग_रात्रपाळी: आहे की. पेओनियरसारखे लोक युरोचं खातं देतात आणि रुपये करून तुझ्या बँकेत टाकतात. त्यांचं कमिशन आणि त्या दिवसाचा गूगलवरचा दर, दोन्ही शेजारी ठेवून बघ. खरी कापाकापी दरात असते.

टिळकवाडी_सीए: आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते बँकेला सांगणारा कोड, नीट भरा. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२ आहे. इनव्हॉइसवर कामाचं वर्णनही त्याला जुळणारं लिहा, नुसतं 'सर्व्हिसेस' नको. दाखला आला की मला व्हॉट्सअ‍ॅप करू नका, फाइलला लावा.