अल्टो ८०० च्या डिकीत १० इंची सबवूफरसाठी बॉक्स करून घ्यायचाय, मापं सांगा की

खानापूरकर_केए२२:
नमस्कार मंडळी, गाडी अल्टो ८००, २०१६ चं मॉडेल. दोन वर्षांमागं एका दुकानातनं १२ इंची सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) रेडिमेड बॉक्ससकट बसवून घेतलो होतो, पहिले आठ दिवस लई भारी वाटलं, मग लक्षात यायला लागलं की कुठलंबी गाणं लावा, खालनं एकच आवाज येतोय, घुम घुम घुम. मी जास्त करून अभंग ऐकतो, त्यातल्या पखवाजाची थाप कुठली आणि घुमारा कुठला तेच कळंना. वर सगळी डिकी गेली. रोज खानापूर ते बेळगाव जाऊन येऊन असतो, बाजाराच्या दिवशी पिशव्या मागच्या सीटवर ठेवायला लागतात आणि आई बरोबर असली की तिला पाय ठेवायला जागा राहत नाही. त्यात आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, बॉक्सच्या तळाचं एमडीएफ (दाबलेल्या भुशाचा फळा) ओल धरून फुगलंय, कोपऱ्यात नख लावलं की भुगा निघतोय.

आता नवीन १० इंची घेतलोय, ४ ओहम, २५० वॅट आरएमएस (सलग झेपणारी ताकद). बॉक्स गावातल्या सुताराकडनं करून घेणार. माणूस दारं-खिडक्या एक नंबर करतोय, पण बॉक्स किती लिटरचा म्हटलं की माझ्याच तोंडाकडं बघतोय. सील्ड (पूर्ण बंद) करू की पोर्टेड (हवेसाठी नळीचं भोक ठेवलेला)? एमडीएफ की प्लाय? सबवूफरबरोबरच्या कागदावर एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ४० लिटर असं लिहिलंय, त्याचा उपयोग कसा करायचा?

निपाणी_डॉल्बी:
पोर्टेडच कर भावा. आम्ही गणपतीत, लग्नात साउंड लावतो, तेवढ्याच वॅटमध्ये पोर्टेड बॉक्स जास्त वाजतोय हे रोज बघतोय. २५० वॅटात सील्ड केलास तर आवाज कमी वाटंल.

टिळकवाडी_ऑडिओ:
डॉल्बीवाले दादा म्हणतात ते मंडपासाठी शंभर टक्के बरोबर आहे, उघड्या मैदानात कितीही हवा हलवली तरी कमीच पडते. पण अल्टो म्हणजे बंद डबा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे ७० हर्ट्झची लाट पाच मीटरच्या आसपास लांब, आणि गाडीची आतली लांबी जेमतेम त्याच्या निम्मी. त्याच्या खालचे सूर केबिनमध्ये लाट म्हणून मावतच नाहीत, आतली सगळी हवा एकदम दाबली जाते नि सोडली जाते, म्हणून जितकं खाली जाल तितका बेस गाडी स्वतःच वाढवत नेते, कागदावर ऑक्टेव्हमागे, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तेव्हा दर वेळी, १२ डेसिबलपर्यंत. सील्ड बॉक्सचा आवाज सूर खाली जाताना ऑक्टेव्हमागे १२ डेसिबलनेच पडतो. एक पडतो, दुसरं उचलतं. प्रत्यक्षात काचा, पातळ पत्रा, दाराच्या फटी यातनं बरंच गळतं पण तरी छोट्या गाडीत सील्ड सरळ आणि खोल वाजतो. रेडिमेड पोर्टेड बॉक्स बहुतेक वेळा एका ठरावीक सुराला फुगवतो आणि त्यावर गाडीचं वाढणं चढतं, ते तुझं घुम घुम तिथनं येतंय. अभंग ऐकणाऱ्याला मी तरी डोळे झाकून सील्डच सांगेन.

आता कागदावरचे आकडे. एफएस म्हणजे सबवूफर उघड्यावर स्वतः ज्या सुराला घुमतो तो, क्यूटीएस म्हणजे तिथे किती घुमतो, व्हीएएस म्हणजे त्याच्या पडद्याइतकीच लवचिक हवा किती लिटर. ही पद्धत थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखली जाते. सील्ड बॉक्समध्ये बसल्यावर सबवूफरचा क्यू ०.७०७ आला की आवाज सपाट येतो, त्यापेक्षा वर गेला की घुमायला लागतो. ०.७०७ भागिले तुझा क्यूटीएस ०.४५, आलं १.५७. त्याचा वर्ग २.४७. त्यातनं एक वजा कर, १.४७. व्हीएएस ४० ला त्याने भाग, आले २७ लिटर. आणि एफएस ३० हर्ट्झला त्याच १.५७ ने गुण, म्हणजे ४७ हर्ट्झच्या खाली बॉक्सचा आवाज पडायला लागणार, आणि तिथनं खाली तुझी गाडी सांभाळते. तुझ्याच सबवूफरचे आकडे वापर, शेजाऱ्याच्या १० इंचीचा बॉक्स मागून आणू नको, कंपनी बदलली की लिटर बदलतात.

सुताराला लिटर सांगूच नको, सेंटिमीटर सांग. बाहेरनं रुंदी ६४, उंची ३४, खोली तळाला २४ आणि वरती १७, कारण अल्टोची मागची सीट डिकीकडे कललेली असते, तिला टेकणारी बाजू तिरकी ठेवायची. १८ मिलीचा माल धरला तर आतनं ६०.४ गुणिले ३०.४ गुणिले सरासरी खोली १६.९, होतात ३१ लिटर. सबवूफरचा मागचा भाग दोनेक लिटर खातो, आतला आडवा टेकू एक, उरले २८. पहिलं काम मात्र पुठ्ठ्याचा असाच बॉक्स करून डिकीत ठेवून बघायचं, दार लागतंय का, स्टेपनी काढता येते का. सबवूफरची मागची खोलीही मोज, चुंबकाच्या मागे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिलेच पाहिजेत.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन:
मापं बरोबर हायत, मी मालाचं सांगतो. खानापूरच्या पावसात एमडीएफ नको, तळ तर नकोच. १८ मिलीचा मरिन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून, नुसतं वॉटरप्रूफ म्हणतात त्यावर जाऊ नका. महाग पडतंय पण बॉक्सला अर्धीच शीट लागते. गोल कापायला सुताराकडं राऊटर (खाच कापायचं मशीन) नसला तर आमच्या भागात सीएनसीवाले (कॉम्प्युटरवर कापणारे) हायत, तेवढा एकच फळा कापून आणा, गोल वाकडा झाला की गॅस्केटखालनं (सबवूफरच्या कडेच्या पट्टीखालनं) हवा सुटते.

जोडताना फेविकॉल भरपूर आणि दर १०-१२ सेंटिमीटरला स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर प्लायची कड फाटते. आतनं सगळ्या सांध्यांना सिलिकॉन फिरवा आणि एक पूर्ण दिवस उघडा ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असलं तर वास जाईपर्यंत सबवूफर बसवू नका, त्या वाफेनं आतलं खराब होतंय. मग सबवूफर बसवून बॉक्स कुठं गळतोय का ते बघा. गळती शोधायला उदबत्ती पेटवून एखादा खोल सूर वाजवत सांध्यांजवळनं फिरवा, धूर जिथं थरथरतो तिथं फट.

आणि एक कळकळीनं सांगतो, बॉक्स नुसता ठेवू नका. १५ किलोचा डबा हाय, चोर्ला घाटात कचकन ब्रेक लागला तर सीट ढकलून पुढं येईल, तुमची आई मागं बसते म्हणालात. दोन एल क्लॅम्प आणि बोल्ट मारा. भोक पाडायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठनं गेलीत ते.

खानापूरकर_केए२२:
लई उपकार झाले. आज पुठ्ठ्याचा बॉक्स करून बघितलो, उंची आणि खोली बरोबर बसतेय, पण डावीकडं चाकाच्या फुगवट्याला ६४ अडकतंय. ५८ केलो तर चालतंय का? आणि वायर कुठली घेऊ?

टिळकवाडी_ऑडिओ:
५८ केलंस तर आतनं ५४.४ होतं, २८ लिटर, वजा जाऊन २५. चालेल, क्यू जरासा वर जाईल, ०.७२-०.७३, कानाला फरक कळणार नाही. पोकळीत पॉलिस्टरचा कापूस सैल भर, तेवढाही भरून निघेल.

वायर ८ गेजची शुद्ध तांब्याची घे. वर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती त्याच जाडीत कमी करंट नेते. २५० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर फुल वाजताना २०-२५ अँपिअर ओढतो, तेव्हा ४० चा फ्युज पुरे, आणि तो बॅटरीपासनं एका हाताच्या आत पाहिजे, ॲम्पजवळ नव्हे. बॅटरी ते डिकी मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्युजच गाडी वाचवतो. अर्थिंग डिकीतच, पत्र्याचा रंग खरवडून.

खानापूरकर_केए२२:
५८ चंच सांगून आलो. सुतार म्हणाला रविवारी कापतो. जोडून झालं की उदबत्ती लावून बघतो आणि पहिला अभंग लावला की इथं लिहितो.