“पाणी आलं” हे मराठी नाही का?

रामबागची आजी, इंदूर
वय ६८. माहेर, सासर दोन्ही इंदुरातच. परवा वर्षाचा गहू धुऊन गच्चीवर पसरला होता. दुपारी एकदम अंधारून आलं, थेंब सुरू झाले. मी खालून सुनेला ओरडले, “अगं, पाणी आलं!” ती पुण्याची, लग्नाला चार महिने झालेत. ती धावली मोरीत, नळाखाली बादली लावायला. निम्मा गहू भिजला.

आमच्या घरात हा घोटाळा कधी होत नाही, कारण इथे नळाला नर्मदेचं पाणी येतं, तेव्हा आम्ही “नर्मदा आली” म्हणतो. पाणी म्हणजे आभाळातलंच. मुलगा म्हणाला, “आई, हे हिंदीतलं ‘पानी गिर रहा है’ आहे, मराठीत पाऊस म्हणतात.” मला फार लागलं. माझ्या आजीला हिंदी धड बोलता येत नव्हतं, तरी ती “पाणी पडतंय” असंच म्हणायची. जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी, अमरावती
काकू, आमच्याकडे “पाणी येऊन राहिलं” असंच म्हणतात. चार दिवस सूर्य दिसला नाही की “झड लागली”.

निवृत्त संस्कृत शिक्षक, बडोदा
माळव्यात हिंदीचा हात लागला असेलही, पण “पाऊसपाणी” तर साऱ्या महाराष्ट्रात बोलतात. आणि ‘पाऊस’ या शब्दाचंच बघा. संस्कृत ‘प्रावृष्’ म्हणजे पावसाळ्याचे दिवस. प्राकृतात त्याचं ‘पाउस’ झालं. मराठीत ऋतूचं हे नाव पडणाऱ्या सरींना मिळालं, मग ऋतूसाठी पुन्हा ‘काळ’ जोडावा लागला: पावसाळा. उष्णकाळाचा उन्हाळा झाला तसाच. हिंदीतला ‘पावस’ मात्र अजून ऋतूच आहे. ऋतूचं नाव सरींना चालतं, तर पावसाला पाणी म्हटल्यानं काय बिघडलं?

रत्नागिरीकर
आमच्याकडे पाऊस “लागतो”. “पाणी आलं” ऐकून मीही व्हाळाकडेच, म्हणजे ओढ्याकडेच पाहिलं असतं. सूनबाईंना बोलू नका.

रामबागची आजी, इंदूर
नाही हो, तिला कशाला बोलू? गहू दोघींनी मिळून पंख्याखाली पसरला. पण अमरावतीचं वाचून थबकले. आजीचं माहेर अकोल्याचं, लग्न होऊन ती इंदुरात आली. हा शब्द ती येतानाच घेऊन आली असेल. मुलगा संध्याकाळी घरी आला की हे सगळं त्याला वाचून दाखवते.