पाप इंद्राचं, पाळी बायकांना
हव्वेने एदेनच्या बागेतलं मना केलेलं फळ खाल्लं म्हणून बायकांना बाळंतकळा, असं बायबल सांगतं. पण अशा कथेसाठी एदेनपर्यंत जायला नको. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत इंद्र त्वष्ट्याच्या (देवांच्या कारागिराच्या) मुलाला, विश्वरूपाला मारतो आणि ब्रह्महत्येचं पाप पृथ्वी, झाडं नि बायकांत वाटून मोकळा होतो. बायकांच्या वाट्याला पाळी. वर कथा सांगते, त्यांनी संततीचा वर घेऊन ते राजीखुशीने पत्करलं! खून कोणाचा, निस्तरतंय कोण? आजही गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला आघाड्याच्या काड्यांनी दात घासून 'विटाळाचा दोष' फेडायचा. (ऋषीच्या भाजीवर माझा राग नाही, तिला तोड नाही.) पाळीत कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाने गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची वेदनाशामक गोळी नेमकं तेच रोखते, आणि इंद्राला विचारतही नाही.